प्रोजेक्टरचे चोवीस तास

"अरे, अजून ताण! त्या कोपऱ्यातून ऊन येतंय!" जयश्री खुर्चीवर उभी राहून ओरडली.

"ताणलं तर फाटेल! मग बाबुराव काका मलाच खिडकीला टांगतील," कुंदन म्हणाला आणि अस्तराच्या काळ्या कापडाला त्याने आणखी एक हिसका दिला.

मे महिन्याची दुपार होती. आखाजीच्या सणासाठी खानदेशात गेलेली अर्धी गिरणाई सोसायटी अजून परतली नव्हती. सुरतेतल्या भेस्तानच्या या सोसायटीत सुट्टीभर उरली होती ती ही तीन कार्टी. कुंदन आणि गायत्री तेरा वर्षांचे आणि जयश्री अकराची, पण आवाज तिचाच सगळ्यात मोठा! रोज दुपारी वाचनालयात अर्धा तास सिनेमा बघायचा, असा त्यांचा नेम होता. पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीने एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला होता, तेव्हापासून.

आज समुद्रातल्या देवमाशाची फिल्म होती. पहिल्या रांगेत हिलाल बाबा बसले होते. वाचनालयाची चावी त्यांच्याकडे असायची आणि मागच्या छोट्या खोलीत ते राहायचे. तीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना ऐकू फार कमी यायचं.

"काय म्हनी राहिना तो?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

"मासा श्वास घ्यायला वर येतो!" जयश्रीने त्यांच्या कानात बोंब ठोकली.

देवमासा वर आला, पाण्याचा फवारा उडाला आणि...

फट्!

काळाकुट्ट अंधार! जळकट वास!

"काय झालं? काय झालं?" कुंदन आणि जयश्री एकदम ओरडले. गायत्रीने मात्र काहीच विचारलं नाही. काय झालं ते तिला कळलं होतं.

पाचच मिनिटांत सोसायटीचे अध्यक्ष बाबुराव धापा टाकत आले. सारा जन्म बँकेत काढलेला माणूस! कोणाची तरी सही घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. हा दुकानदार म्हणजे गायत्रीचाच सख्खा काका, सुकदेव. पर्वत पाटिया भागात त्याचं जुने टीव्ही आणि प्रोजेक्टर घेण्या-विकण्याचं दुकान होतं.

"लॅम्प फुटला? कसा फुटेल?" फोनमधून काकाचा आवाज खणखणला. "फक्त चोवीस तास वापरलेला लॅम्प होता! तुम्ही स्वतः मेनूमध्ये आकडा बघून घेतलात ना? असा लॅम्प चार-पाच हजार तास चालतो. कोणीतरी रात्रंदिवस चालू ठेवला असणार, बाबुराव!"

बाबुरावांची नजर हळूच हिलाल बाबांकडे वळली.

"चावी तुमच्याकडे असते, हिलालभाऊ. दुसरं कोण लावणार?"

"मी? मी नही लाया!" बाबा गोंधळून म्हणाले.

"उद्या दुपारपर्यंत चावी माझ्याकडे द्या. आणि खोलीचंही काहीतरी बघा."

आता खोलीचं काय बघणार? चावी गेली की खोलीही गेली! बाबांनी आत जाऊन वळकटी बांधायला घेतली. "पारोळाले भाऊ शे मना. भुसावळनी गाडीवर गावले चाली जासू," ते स्वतःशीच बोलत होते. आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं स्वतःशी बोलणं सगळ्यांनाच ऐकू जातं.

संध्याकाळी तिघं पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली. कुंदनने गार गार गलेली आणली होती. सुरतेत ताडगोळ्यांना गलेली म्हणतात आणि एरवी गायत्री एकटीच सहा-सात फस्त करायची. आज पहिलीच तिच्या हातात विरघळल्यासारखी लिबलिबीत झाली होती.

"डिटेक्टिव्ह कुंदन पाटील तपास सुरू करत आहेत!" कुंदनने मान ताठ केली. "बाबा निर्दोष आहेत. ज्यांना ऐकूच येत नाही ते रात्रभर सिनेमा बघतील का?"

"मुका सिनेमा बघतील," जयश्री म्हणाली.

"तू गप! पुरावा हवा, पुरावा! गायत्री, तू बोल ना. तुझा काका आहे, तुला सगळं माहीत असतं."

गायत्रीला सगळं माहीत होतं. हीच तर पंचाईत होती!

सुट्टी लागल्यापासून ती रोज सकाळी काकाच्या दुकानात जायची. काकाने तिला पेचकस धरायला शिकवलं, तारा जोडायला डाग द्यायला शिकवलं, वाढदिवसाला स्क्रू ड्रायव्हरचा अख्खा संच दिला. "माझी इंजिनीयर" म्हणून तो गिऱ्हाइकांना तिची ओळख करून द्यायचा. मग एक दिवस त्याने तिला प्रोजेक्टरचा गुप्त मेनू दाखवला. मशीनवरची दोन बटणं एकदम दाबून धरायची, पाच मोजायचे, मग तिसरं दाबायचं. लॅम्प किती तास जळला तो आकडा तिथे शून्य करता येतो. नवा लॅम्प घातला की शून्य करायचा असतो, असं काका म्हणाला. पण त्या दिवशी लॅम्प नवा घातलाच नव्हता! गायत्रीने तरी बटण दाबलं.

"आता तीन दिवस दुकानात चालू राहू दे," काका हसून म्हणाला होता. "एकदम शून्य दिसलं की गिऱ्हाईक शंका घेतं. वीस-पंचवीस तास खरे वाटतात."

तेव्हाच तिला कळलं होतं की ही दुरुस्ती नव्हे. तरीही तिने तीन दिवस रोज सकाळी आपल्या हाताने तो प्रोजेक्टर चालू केला आणि बरोबर चोवीस तास झाले तेव्हा "काका, झाले!" अशी आनंदाने हाक मारली. त्यानंतर आणखी आठ प्रोजेक्टर तिच्या हाताखालून गेले होते.

"गायत्री! कुठे हरवलीस?" कुंदनने तिला ढोसलं. "मी म्हणतोय, प्रोजेक्टरलाच विचारू! घेतला तेव्हा चोवीस तास होते. आपण रोज अर्धा तास बघितला, चौदा दिवस. म्हणजे?"

"सात तास. चोवीस आणि सात, एकतीस!" जयश्रीने फटकन उत्तर दिलं. "एकतीसच निघाले तर बाबांनी लावलाच नव्हता!"

"पण लॅम्पच फुटलाय. पडद्यावर मेनू दिसणार कसा?"

"दुसरा लॅम्प घालून," गायत्री नकळत बोलून गेली. "आकडा लॅम्पमध्ये नसतो, मशीनमध्ये असतो. काकाच्या दुकानात असाच दुसरा प्रोजेक्टर आहे."

"शुं वात छे!" कुंदनने गुजरातीत दाद देत तिच्या पाठीत थाप मारली. "आहेस खरी हुशार!"

ती थाप गायत्रीला चपराकीसारखी लागली. आत्ताच सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगितलं तर काकाचं काय? आणि हे दोघं तिच्याशी पुन्हा बोलतील का? ती गप्प राहिली आणि गप्प राहिल्याची तिला लाज वाटली.

बेत ठरला. काकाला सांगायचं की बाबुरावांना तसाच दुसरा प्रोजेक्टर बघायचाय. बाबुरावांना सांगायचं की काका स्वतः होऊन मशीन तपासायला येतोय. दोघांनाही वाटेल, समोरच्यानेच बोलावलं! काकाला निरोप द्यायला अर्थातच गायत्री गेली.

"दुसरा हवाय? वा!" काका खूश झाला. दुकानात भिंतभर टीव्ही लागले होते आणि सगळ्यांवर एकच बातम्यांची बाई बोलत होती. "उद्या दहा वाजता हजर!"

"काका," गायत्री अडखळली. "हिलाल बाबांना काढताहेत. आपण... सांगून टाकू या ना, लॅम्प जुना होता म्हणून."

काकाचं हसू मावळलं. "वेडी का तू? या धंद्यात सगळेच करतात. आणि म्हातारा आज ना उद्या गावी जाणारच होता."

गायत्रीने खाली मान घातली. काकाचा तिला राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. तीन दिवस तो प्रोजेक्टर चालू करणारी बोटं काकाची नव्हती!

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला दुसरा प्रोजेक्टर घेऊन काकाची स्कूटर दारात थांबली.

"बोलावलंत म्हणून आलो!" काका म्हणाला.

"मी? तुम्हीच येतो म्हणालात ना?" बाबुरावांनी चष्मा वर केला.

"सुकदेव काका, याचा लॅम्प आमच्या मशीनमध्ये बसेल का हो?" कुंदन दोघांच्या मधे घुसला. "की तेवढं तुम्हाला जमत नाही?"

"जमत नाही? मला?" काकाने तिथल्या तिथे पेचकस काढला! सोसायटीच्या मशीनमधला फुटका लॅम्प काढून त्याने दुसरा बसवला. भिंत उजळली. कुंदनने रिमोट हिसकावून मेनू उघडला.

"एकतीस!" जयश्री किंचाळली. "बघा, बाबुराव काका! एकतीसच! आपण बघितले तेवढेच तास!"

बाबुराव पडद्याजवळ गेले, पुन्हा मागे आले. "म्हणजे हिलालभाऊंनी लावला नव्हता? मग लॅम्प फुटला कसा?"

काकाच्या कपाळावर घाम आला. पण जीभ कुठे थांबतेय! "ओलं फडकं मारलं असेल कोणीतरी. पाणी गेलं की फुटतो."

जयश्रीने ते बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. वळकटी घेऊन दारात उभ्या असलेल्या बाबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा पडला.

"फडकं तं मी मारं व्हतं," ते म्हणाले. "धूळ बसेल व्हती. मनीच चूक शे मंग."

त्यांनी कमरेची चावी सोडवली आणि बाबुरावांपुढे धरली.

"नाही!" गायत्री ओरडली.

ती मशीनपाशी गेली. दोन बटणं दाबून धरली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग तिसरं दाबलं. पडद्यावर कोणी न पाहिलेला निळा मेनू उघडला.

"गायत्री!" काका दबक्या आवाजात म्हणाला. "राहू दे!"

"हा वरचा आकडा लॅम्पचा, तो बदलता येतो," गायत्रीने बोट दाखवलं. "आणि हा खालचा अख्ख्या मशीनचा. तो कोणालाच बदलता येत नाही."

खालचा आकडा होता सहा हजार दोनशे चौदा.

"सहा हजार!" कुंदन नाचायलाच लागला. "लॅम्प म्हातारा होऊन फुटला! केस खलास! गायत्री, तू तर..." आणि तो मधेच थांबला. "पण हा मेनू तुला कसा माहीत?"

खोलीत फक्त प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"कारण ते चोवीस तास मीच केले होते," गायत्री म्हणाली. "लॅम्प जुनाच होता. मला माहीत होतं. काल तुम्ही विचारत होतात तेव्हाही माहीत होतं."

कुंदनचे नाचणारे पाय जागच्या जागी थिजले. काकाने रागाने तोंड उघडलं, पण पुतणीकडे बघून पुन्हा मिटलं.

"पोरीला कशाला... मीच सांगितलं होतं तिला," तो शेवटी पुटपुटला. "मीच शिकवलं."

बाबुरावांनी घसा साफ केला. "शाबास, पोरांनो! तपास अगदी चोख केलात. आणि गायत्री, एवढ्यांसमोर खरं बोलायला छाती लागते. शाबास!"

"मला शाबासकी नको, बाबुराव काका," गायत्रीला रडू फुटलं. "अजून आठ विकलेत. एक सचिन गावातल्या शिकवणीच्या क्लासमध्ये आहे, एक बालवाडीत आहे. त्यांचेही फुटतील आणि तिथेही कोणावर तरी आळ येईल!"

"काय म्हनी राहिनी ती?" हिलाल बाबांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाबांना काहीच ऐकू गेलं नव्हतं! जयश्री सवयीने पुढे झाली, पण गायत्रीने तिला थांबवलं. हे तिलाच सांगावं लागणार होतं आणि हळू सांगून चालणार नव्हतं. ती त्यांच्या कानाशी गेली.

"बाबा, चूक तुमची नाही! मी खोटं केलं होतं! मी! लॅम्प जुना होता आणि मी नवा दाखवला!"

तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. वरच्या मजल्यावरच्या दोन बायका कठड्यावरून वाकून बघू लागल्या.

"मी रातभर इचार करत व्हतू," बाबा हळूच म्हणाले, "मनं काय चुकनं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं गायत्रीला वाटलं. तिने त्यांच्या हातातली वळकटी काढून घेतली, आत नेली आणि पुन्हा होती तशी अंथरली. बाबुरावांनी दोन्ही हातांनी चावी बाबांना परत दिली आणि त्यांची माफी मागितली. या खेपेला कोणाची सही न घेता!

पुढचे चार दिवस काकाची स्कूटर आणि मागे बसलेली गायत्री सुरतभर फिरत होती. आठही ठिकाणी काका गप्प उभा राहायचा आणि गायत्री खरा आकडा उघडून दाखवायची. बालवाडीच्या बाईंनी दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. नवे लॅम्प बसवता बसवता काकाला शोकेसमधले दोन मोठे टीव्ही विकावे लागले. आता दुकानातल्या प्रत्येक प्रोजेक्टरवर चिठ्ठी असते. तिच्यावर गायत्रीच्या अक्षरात खरे तास लिहिलेले असतात.

पाचव्या दुपारी वाचनालयात पुन्हा काळं कापड ताणलं गेलं. गायत्री दारातच घुटमळत होती.

"आत ये की!" जयश्री ओरडली. "ऊन येतंय!"

"डिटेक्टिव्ह कुंदन पाटील अजून थोडे रागावलेले आहेत," कुंदन म्हणाला. "पण त्यांनी तुझी खुर्ची धरून ठेवली आहे."

हिलाल बाबा पहिल्या रांगेतून उठले, तिच्याजवळ आले आणि रिमोट तिच्या हातात ठेवला.

"आते तूच लाव, व माय," ते म्हणाले.

गायत्रीने आधी मेनू उघडला आणि नव्या लॅम्पचा आकडा सगळ्यांना दाखवला. तिथे शून्य होतं आणि या वेळी ते खरं होतं. मग तिने देवमाशाची फिल्म लावली, बाबांच्या शेजारी बसली आणि शेवटपर्यंत एकेक वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगत राहिली.