पप्पांच्या फोटोवरची लाल फुली

"आता ह्या माणसाला बघा. ह्याचं काय काय चुकलंय?"

चाकणच्या त्या कंपनीत गेटला लागूनच एक खोली आहे. बाहेरून माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी तिथे बसवतात, सुरक्षेचे धडे देतात आणि मगच गळ्यात पास अडकवून आत सोडतात. मी टेम्पोतून लोखंडी ट्रॉल्या घेऊन आले होते. खोलीत दोन ट्रक ड्रायव्हर, एक रंगारी, एक एसी दुरुस्त करणारा आणि शेवटच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून मी. समोरचे साहेब बोलत होते. आवाज बरा होता, म्हणून एक कान तिकडे होता, एवढंच.

सगळे हसले म्हणून मान वर केली... आणि पडद्यावर माझे पप्पा!

ग्राइंडरमधून ठिणग्या उडतायत, पप्पा मान मागे टाकून हसतायत, बाह्या वर सारलेल्या, पायांत चप्पल, डोळ्यांवर काहीच नाही. आणि कपाळापासून चपलेपर्यंत ही मोठी लाल फुली.

"गॉगल नाय," एक ड्रायव्हर म्हणाला.

"बरोबर. अजून?"

"चप्पल घालून आलाय राव, जसा काय हळदीला आलाय!" दुसरा म्हणाला, आणि खोली पुन्हा हसली.

अशा वेळी गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. मी सरळ उभी राहिले.

"अजून एक चुकलंय," मी म्हणाले.

साहेब खूश झाले. "हां, सांगा ना मॅडम!"

"दुसऱ्याच्या बापाला असं चारचौघांत उभं करू नये. हे माझे वडील आहेत."

रंगारी आपल्या बोटांवरचा रंग खरवडायला लागला. साहेबांच्या छातीवरच्या कार्डावर नाव होतं, प्रज्वल. गोरा रंग नाही, सावळाच, तरी कान लाल झालेले मला शेवटच्या बाकावरून दिसले.

ट्रॉल्या उतरवून मी बाहेर आले तर हे महाशय गेटपाशी उभे.

"मॅडम, सॉरी... म्हणजे मला खरंच माहीत नव्हतं. पण तो फोटो चोरलेला नाही हो. साइटवरून रीतसर विकत घेतलाय."

"माहितीय," मी म्हणाले. "मीच विकलाय."

तो गळ्यातलं कार्ड उगीच सरळ करायला लागला.

खरंच मी विकला होता. चिखलीत पप्पांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्याचा हिशेब आणि डिलिव्हरी मी बघते. पप्पांना ह्या कंपन्यांच्या गेटवर ताटकळायचा भारी कंटाळा, म्हणून माल घेऊन जायचं माझ्याकडे. आणि रविवारी मी फोटो काढते. जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा, शिक्षण सगळं यूट्यूबवर. फोटो एका परदेशी साइटवर टाकायचे, ज्याला हवा तो विकत घेतो. कोणी पुस्तकात छापतो, कोणी जाहिरातीत. पैसे कमीच, पण चेहऱ्याचा फोटो म्हणून पप्पांची परवानगीची सही घेतली तेव्हा त्यांनी ती अशी ऐटीत केली होती! साइटने स्वीकारलेला तो माझा पहिलाच फोटो. पप्पांनी त्याचा फ्लेक्स करून शेडच्या दारावर लावलाय.

"ती स्लाइड काढून टाका," मी म्हणाले.

"नाही काढणार."

"काय?"

"आधी माझ्या स्लाइडवर सगळे परदेशी गोरे लोक होते. इस्त्रीचे कपडे, नवी कोरी हेल्मेटं. लोक झोपायचे हो! तुमचे पप्पा आले आणि सगळे जागे झाले. चुका शोधतात, हसतात... आणि आत गेल्यावर न सांगता गॉगल लावतात." त्याच्या बोलण्याला उदगीरकडचा हेल होता. "फोटो लई भारी काढलाय तुम्ही."

"फुली मारून कौतुक करता?"

"फुली गॉगल नसण्यावर आहे. फोटोवर नाही."

राग आलाच होता. पण एक सांगते. ह्या धंद्यात गिऱ्हाईक कधी दिसत नाही. फोटो कोणी घेतला, कुठे लावला, काही कळत नाही. मला भेटलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. आणि दिसायला, खोटं कशाला बोलू... चांगलं होतं.

"एक करा," तो म्हणाला. "आता बरोबर पद्धतीचा एक फोटो काढून द्या. दोन्ही शेजारी शेजारी लावतो."

"मॉडेल कोण?"

"मी आहे की!"

रविवारी तो शेडवर आला. दारावरचा फ्लेक्स बघून जागच्या जागी थबकला. आत पप्पा पाटावर बसून नट निवडत होते.

"ह्या, ह्या! चाकणहून आलात व्हय? कंपनीत काय करता?"

"सेफ्टीत आहे, काका."

"म्हंजे वॉचमनचे साहेब?"

"तसंच... तसंच म्हणा."

"तो फोटो बघितला का दारावरचा? आमच्या आमूनं काढलाय. परदेशात गेलाय फोटो. कुणी घेतला आसंल ओ?"

प्रज्वलला चहाचा घोट गिळवेना. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसले.

"कोणीतरी... समजदार माणूस असेल, काका."

पप्पा खूश होऊन वडे आणायला गेले आणि प्रज्वल तयार झाला. गॉगल, मास्क, तोंडावरची काच, हातमोजे, चामड्याचा एप्रन, बूट. त्याचा एक केससुद्धा दिसेना.

"आत तुम्हीच आहात ना?" मी विचारलं.

"मीच."

"हा फोटो कोण घेणार? माणूसच दिसत नाही."

"माणूस सुरक्षित आहे."

"मला माणूस बघायचाय."

त्याने काच वर केली. मग मास्क खाली केला. मग सावकाश गॉगल काढला. डोळ्यांभोवती त्याचे वळ उठले होते.

"हं... बघा."

मी बघितलं. कॅमेऱ्यातून. फोटो काढणाऱ्याला ही मोठी सोय असते, कितीही वेळ बघितलं तरी कोणी काही म्हणत नाही.

"फोकस होत नाही का?" त्याने विचारलं.

"होतोय. तुम्हाला घाई आहे?"

"अजिबात नाही."

तेवढ्यात पाऊस आला. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस आला की बोललेलं काही ऐकू येत नाही. तो काहीतरी म्हणाला. मी हातानेच 'काय?' विचारलं. मग तो जवळ आला, माझ्या कानाशी वाकला. एप्रनच्या चामड्याचा वास, ओल्या लोखंडाचा वास... आणि त्याचा श्वास.

"म्हटलं, पुढच्या रविवारी पण फोटो काढायचेत का?"

"कशाचे?"

"कशाचे पण."

मग रविवारमागून रविवार गेले. मी फोटो काढायचे, तो पांढरं थर्माकोल धरून उजेड माझ्या वस्तूंवर पाडायचा. ताथवड्यात नव्या इमारतींभोवतीच्या बांबूच्या परांच्यांचे फोटो काढले. गरम भुट्टे काढले, तर उजेड नीट पडेपर्यंत ह्याने अर्धा मॉडेल खाऊन टाकला. चालताना माझ्या हातातली बॅग तो न विचारता घ्यायचा, आणि मीही न मागता द्यायचे. सोमवारी सकाळी मला जाग यायची ती पुढच्या रविवाराच्या विचाराने. मी प्रेमात पडले होते. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, निदान माझ्यापुरतं तरी.

देहूला इंद्रायणीच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो होतो. तो मघापासून खडे उचलून पुन्हा तिथेच ठेवत होता.

"आम्रपाली... मला तुम्हाला एक सांगायचंय. म्हणजे मला तुम्ही..."

"थांबा," मी म्हणाले.

तो एवढासा झाला.

"पुढचं मला ऐकायचंय. खूप ऐकायचंय. पण आधी पप्पांना फुलीचं सांगा. तुम्ही त्यांच्या घरचा चहा पिता आणि ते तुम्हाला तोच फोटो कौतुकाने दाखवतात, हे मला बघवत नाही."

"स्लाइड काढून टाकू का?"

"आता काढलीत तर माझ्यासाठी काढली असं होईल. तो रंगारी आठवतो? परवा तुमच्या गेटवर तो गॉगल लावून काम करत होता. स्लाइड राहू द्या. पप्पांना सांगा."

"आणि त्यांना लागलं तर?"

"तर मला तुमच्या शेजारी बसून हसता येणार नाही, प्रज्वल. कितीही आवडलात तरी."

'आवडलात' तोंडातून निघून गेलं होतं. निघालं ते निघालं. मी परत घेतलं नाही.

त्यानंतर तो दोनदा शेडवर आला. दोन्ही वेळा समोर बसला, घसा खाकरला, चहा प्यायला आणि "येतो काका" म्हणून गेला. दुसऱ्या खेपेला पप्पा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण घशाला काय तरी झालंय त्याच्या."

आणि मग एका सकाळी कंपनीतून फोन आला. ट्रॉल्यांची चाकं अडकतायत, वेल्डिंगचं मशीन घेऊन या, इथेच दुरुस्त करून द्या.

हे काम माझं नव्हतं, पप्पांचं होतं.

मी प्रज्वलला मेसेज टाकला, फोन लावला. पण तिथे ड्यूटीवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवतात. आम्ही गेटवर पोचलो, आम्हाला चार-पाच ड्रायव्हरांबरोबर त्या खोलीत बसवलं, आणि पप्पा सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसले. ग्राइंडरच्या आवाजाने त्यांना अलीकडे जरा कमी ऐकू येतं. मी मागे बसले. पप्पांचा अपमान होणार, तोही ह्याच्या हातून. मग घाटावर म्हणाले होते ते मला खरं करावं लागणार.

प्रज्वल आत आला. पप्पांना बघितलं. मला बघितलं. मी मानेने खुणावलं, नको... ती स्लाइड नको. पुढे जा.

तो बोलायला लागला. आग, जिने, हेल्मेट. मग थांबला. हातातल्या रिमोटकडे बघत राहिला. माझ्या खुणा त्याला दिसत होत्या, आणि तरी त्याने बटण दाबलं. एका बाजूला मी काढलेला त्याचा गॉगल-मास्कमधला फोटो, आणि दुसऱ्या बाजूला पप्पा.

"आरं, ह्यो तर मी!" पप्पा आनंदाने उभेच राहिले. मागे वळून सगळ्यांना सांगायला लागले, "आमच्या पोरीनं काढलाय..." आणि मग पुन्हा पडद्याकडे वळले. तेव्हा त्यांना फुली दिसली. वर केलेला हात हळूहळू खाली आला.

मला रडू आलं. रागही आला.

"हे रंगरावकाका," प्रज्वल म्हणाला. "चिखलीत ह्यांचं शेड आहे. हा फोटो मी विकत घेतला, फुली मी मारली. ह्यांच्याकडे जाऊन जाऊन चहा प्यायलो, पण सांगायची हिंमत झाली नाही. चुकलं माझं, काका. पण फुली खोटी नाही. ठिणगी डोळ्यात जायला एक क्षण पुरतो. मला तुमचे डोळे शाबूत हवेत. कारण... मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. त्या दिवशी तुम्ही तिला डोळे भरून बघायला हवं."

पप्पा पडद्याजवळ गेले. फोटो वरपासून खालपर्यंत बघितला. मग वाकून त्याची खालची कड बघितली.

"फोटो कुणी काढलाय, ते कुठं लिवलंय?"

"अं... नाही लिहिलं, काका."

"का न्हाई?" पप्पांचा आवाज चढला. "फुली ऱ्हाऊ द्या. माझी चूक हाय, दिसू द्या लोकास्नी. पण एवढ्या मोठ्या कंपनीत एवढा मोठा फोटो, आन् काढणारीचं नाव न्हाई? हे न्हाई चालायचं!"

प्रज्वल लॅपटॉपकडे धावला. फोटोखाली एकेक अक्षर उमटत गेलं. फोटो : आम्रपाली रंगराव ओव्हाळ.

"मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं. एका ड्रायव्हरने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझं नाव कोणत्या तरी देशातल्या कोणत्या तरी पुस्तकाखाली छापलं गेलं असेलही, मला माहीत नाही. पण इथे, माझ्या बापाच्या देखत, ते पडद्यावर होतं, आणि माझी छाती भरून आली.

"आता ते दुसरं," पप्पा खाली बसत म्हणाले. "लग्नाचं. ते मला काय इचारतोस? ती बसलीय मागं. तिला इचार."

सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"आम्रपाली," तो समोरूनच म्हणाला, "मला..."

"मागे ऐकू येत नाही," मी म्हणाले. स्पष्ट ऐकू येत होतं.

तो बाकांमधून वाट काढत आला. एका ड्रायव्हरने पाय आवरून घेतले, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला पुढे ढकललं. तो माझ्या अगदी समोर येऊन उभा राहिला. कान लालभडक, कपाळावर घाम. पण आता तो दुसरीकडे कुठेच बघत नव्हता, फक्त माझ्याकडे बघत होता.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "खूप. माझ्याशी लग्न करशील?"

अशा वेळी काहीतरी झक्कास बोलायचं मी कधीपासून ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही, आणि त्याची गरजही वाटली नाही.

"करीन," मी म्हणाले. आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेर गेटवरच्या वॉचमनने खिडकीतून आत डोकावून बघितलं.