गरुडाच्या वाटेत कोण?

यंत्राने माणसाची जागा घेतली, तो ऐतिहासिक क्षण भिवंडीच्या कामतघरात एका शनिवारी सकाळी सव्वादहाला उगवला. दहा वाजून सतरा मिनिटांनी तो बंद पडला.

"रास्ता छोडिये!" गरुड म्हणाला होता.

गरुड म्हणजे देवेशशेठच्या लूमच्या कारखान्यातला नवा रोबो. पिवळाधमक, कमरेएवढा उंच, खाली चार चाकं, पुढे एक काचेचा डोळा. विणून झालेले कापडाचे तागे पाठीवर घ्यायचे आणि पलीकडच्या घडीखात्यात पोहोचवायचे, एवढंच त्याचं काम. वाटेत कोणी आलं तर थांबून सभ्यपणे रस्ता मागायचा, असं त्याला पुण्याच्या कंपनीने शिकवलं होतं.

तीन आठवडे झाले, गरुड अजून रस्ताच मागत होता.

आजही शनिवार. मनाली बाबांचा डबा घेऊन दारात आली, तेव्हा तेच चाललं होतं. तिने वाकून पाहिलं. गरुडासमोर कोणीच नव्हतं!

"अगं, हा सांगतोय कोणाला?" तिचा धाकटा भाऊ हितेश कुजबुजला.

"भुताला!" दिशा म्हणाली. ही त्यांची मामेबहीण, सुट्टीला गणेशपुरीहून आलेली. "गरम पाण्याची कुंडं सोडून इथे आले, तर इथे हवाच उकळतेय. वर भूत फुकट!"

तेवढ्यात देवेशशेठचा आवाज लूमच्या खडखडाटावर चढला. "हिरामण! तूच जातोस त्याच्या वाटेत! हातगाडी काढून घेऊन तुला त्याच्या देखरेखीला लावलं म्हणून खुन्नस काढतोस!"

"शेठ, मी कशाला जाऊ त्याच्या वाटंत? मी हितं लांब हाय!" बाबा म्हणाले.

"मग गुरुवारी कसा पळतो? इंजिनिअर दर गुरुवारी पुण्याहून येतो, तेव्हा एकदम टकाटक! त्याने लिहूनच दिलंय, मशीन चांगलं, माणूस खराब. सोमवारी सुरतचे व्यापारी येणार बघायला. तेव्हा थांबला, तर तुझी ड्युटी संपली!"

वीस वर्षांची ड्युटी! बाबा मात्र खाली मान घालून फडक्याने गरुडाला पुसत राहिले.

घरी तिचा पाय एका जागी ठरेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत.

"बस गं जरा! तुला बघून मला चक्कर येतेय," दिशा म्हणाली.

"शनिवार ते मंगळवार थांबतो. बुधवार-गुरुवार धावतो. शुक्रवारी कारखाना बंद. मग शनिवारी असं काय होतं?"

"शनिवारी चंद्रामावशी येते," हितेश म्हणाला.

"कोण चंद्रामावशी?" दिशाने विचारलं.

"लिंबू-मिरचीवाली! देवेशशेठ तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक."

मनाली थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच! मग तिने चपलाही न घालता धूम ठोकली, बाकीची दोघं तिच्या मागोमाग. कारखान्याबाहेरच्या गटाराकाठी गेल्या आठवड्याची माळ पडली होती. लिंबू सुपारीएवढं झालेलं, मिरच्या वाळून वर वळलेल्या. आणि आत गरुडाच्या पुढच्या बाजूला बांधलेली आजची ताजी माळ झुलत होती. अकरा टपोऱ्या मिरच्या, थेट काचेच्या डोळ्यासमोर!

"अगं बाई!" दिशाने कपाळावर हात मारला. "हा मिरच्यांना रस्ता मागतोय!"

"आणि जितका थांबतो, तितकी शेठ माळ मोठी करतात. पहिल्या आठवड्यात सातच मिरच्या होत्या!"

"बुधवारपर्यंत वाळतात, वर वळतात, डोळा मोकळा!" हितेश नाचायला लागला.

रविवारी डबा द्यायच्या निमित्ताने तिघं आत शिरली. हितेशने पट्टीने माळ हळूच वर उचलली. गरुड गुमान चालू लागला! सोडली. "रास्ता छोडिये!" उचलली. चालला!

"ए पोरा!" दौलत मुकादम धावत आला. "त्याला हात लावायचा न्हाय! शेठनी पूजा करून बांधलीय ती. काढलीस तर तुझ्या बापाला आजच घरी बसवतील!"

म्हणजे खरं सांगून उपयोग नव्हता. शेठ रोबोवर संशय घेतील, हिरामणवर घेतील. लिंबावर कदापि नाही!

सोमवार उजाडला. सुरतचे व्यापारी खुर्च्यांवर बसले. शेठ स्वतः नवी माळ घेऊन आले. एकवीस मिरच्या! डबा घेऊन आलेली तिघं दारातच थबकली. बाबा भिंतीला टेकून उभे होते, जणू आत्ताच निरोप घेतल्यासारखे.

"काका," दिशा शेठना एकदम गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे गाडीला मागे बांधतात."

"मागे? का गं?"

"नजर मागूनच लागते ना! तोंडावर तर सगळे चांगलंच बोलतात."

शेठ विचारात पडले. त्यांनी व्यापाऱ्यांकडे पाहिलं. व्यापारी तोंडावर फारच चांगलं बोलत होते.

"दौलत! मागे बांध. लवकर!"

बटण दाबलं. गरुड हलला, वळला, लूमच्या रांगेतून सरळ घडीखात्यात गेला आणि परत आला. एकदाही रस्ता मागितला नाही! मागे एकवीस मिरच्या शेपटीसारख्या डोलत होत्या. व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेल्यावर मनालीने शेठना सगळं सांगितलं आणि पट्टीने माळ गरुडाच्या डोळ्यासमोर धरून दाखवली. शेठनी पट्टी घेऊन स्वतः एकदा करून पाहिलं.

"हिरामण," ते शेवटी म्हणाले, "पोरं भारी आहेत तुझी. आणि तू उगाच शिव्या खाल्ल्यास. ड्युटी पक्की!"

बाबांनी मनालीच्या डोक्यावर हात ठेवला. तो काही केल्या काढेनात.

गुरुवारी इंजिनिअर आले. त्यांनी मुलांची पाठ थोपटली आणि कंपनीच्या पुस्तिकेत एक ओळ वाढवली: 'शुभचिन्हे यंत्राच्या मागील बाजूस लावावीत.' कामतघरात तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

गरुड आता आठवड्याचे सहाही दिवस धावतो. एका फेरीत तो चार तागे नेतो. हिरामण हातगाडीवरून आठ न्यायचा.