साक्षांकित नकाशा

दिल्लीतला तीस वर्षांचा मुक्काम संपायला आठच दिवस उरले होते. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी घर सोडून पुण्याला जायचं, आणि प्रभाच्या वहीत पक्षी किती? नव्व्याण्णव! शंभरावा तिला स्वर्गीय नर्तकच हवा होता. पांढराशुभ्र, फितीसारख्या लांब शेपटीचा हा पाहुणा सप्टेंबरात जाता जाता अरवलीतल्या अभयारण्यात टेकतो. म्हणून तिने यूपीएससीवाल्या भाचीला, क्षिप्राला, अभ्यासिकेतून उठवून बरोबर घेतलं. नुकतेच निवृत्त झालेले तिचे यजमान अविनाशराव मात्र कुणी न बोलावता आले आणि फाटकापाशीच मोहिमेचे प्रमुख झाले.

त्यांच्याकडे नकाशा होता. कुठल्याशा जुन्या फायलीतली झेरॉक्स, कोपऱ्यात गोल शिक्का आणि सही.

“अहो, पाटीवरचा बाण उजवीकडे आहे,” प्रभा म्हणाली.

“पाटी काय, कोणीही लावतं. ही साक्षांकित प्रत आहे.”

“केली कुणी साक्षांकित?”

“मीच!”

प्रभाने कपाळावर हात मारला.

सुरुवातीला पळस होते, खैर होते, वेडे राघू हवेत सूर मारत होते. तासाभरात पायवाट वेड्या बाभळीत गडप झाली. काट्यांनी ओढण्या फाटल्या. पाणी संपलं. झुडपातून सातभाईंचा कलकलाट चालला होता. त्यांनाही या नकाशाचा वैताग आला असावा.

“वेडी बाभूळ मूळची इथली नाही, मावशी. प्रिलिम्सला येऊ शकतं यार!”

“आधी आपण इथून बाहेर येऊ शकतो का ते बघ!”

एवढ्यात नीलगाईचा दांडगा नर वाटेत आडवा! अविनाशरावांनी नकाशा हलवून “चलो, हटो!” केलं. तो एक पाऊल पुढे आला. तिघंही पळत सुटले ते थेट एका खोल, लाल खाणीच्या काठावर.

“इथे टेकडी असायला हवी,” अविनाशराव नकाशात बघत म्हणाले.

पलीकडच्या धवाच्या झाडात पांढरं काहीतरी लहरलं! प्रभाने दुर्बीण उचलली.

“अगं, टेकडी असणारच,” म्हणत ते पुढे सरकले.

काठ ढासळला! अविनाशराव खाली गेले. हाताला एक मूळ लागलं, तेवढंच! प्रभाने दुर्बीण फेकली. जमिनीवर आडवी झाली. त्यांचं मनगट धरलं.

“क्षिप्रा, माझे पाय धर! ओढ!”

“प्रभा, अगं, वर बघ...”

“गप्प बसा आणि पाय रोवा!”

माती सुटत होती. हात घसरत होता. आणखी एक हिसका, आणि ते वर आले!

“पलीकडून येऊन तुझ्या डोक्यावरच्या फांदीवरच बसला होता गं,” ते धापा टाकत म्हणाले. “काळा तुरा, पांढरी शेपटी. उडाला आत्ता.”

प्रभाला रडूच कोसळलं. तीस वर्षं ज्यांनी कबुतरापलीकडे मान वर केली नाही, त्यांना दिसावा!

परतीची वाट तिने काढली. नकाशा खाणीत गेला होता, त्यामुळे अर्ध्या तासात फाटक आलं.

बसमध्ये अविनाशराव हळूच म्हणाले, “लिही ना शंभरावा.”

“मी न पाहिलेला पक्षी मी लिहीत नाही.”

मग बऱ्याच वेळाने तिने वही उघडली. ‘१००. स्वर्गीय नर्तक. पाहणारे: अविनाश.’ खाली लिहिलं, ‘साक्षांकित.’

“अगं, मूळ पाहिल्याशिवाय साक्षांकन करता येत नाही. नियम आहे.”

त्यांच्या मनगटावर तिच्या नखांचे वळ अजून लाल होते.

“पाहणारा मी स्वतःच्या हातांनी वर ओढलाय,” ती म्हणाली आणि सही ठोकली.