दोन नाक्यांच्या मधलं लेकरू

पांगरीहून येडशीचा माळ तो काय लांब! आगगाडीत बसलं की ओच्यातल्या लाह्या संपायच्या आत घाट चढून होतो. पण त्या पौषात तेवढं अंतर तोडायला मला आणि एका मोळीवालीला पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. आणि शेवटचे वीस हात तोडायला दहा दिवस.

आई गेल्याचा सांगावा आला तेव्हा माझा बसू आठ महिन्यांचा होता. मयताच्या घरी तान्हं लेकरू कशाला, म्हणून त्याला आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या मांडीवर ठेवून मी येडशीहून सकाळच्या गाडीनं माहेरी पांगरीला आले. संध्याकाळी परतायचंच होतं. आईला माती दिली, अंघोळ करून ठेसनावर गेले, तर मास्तर म्हणाले, "गाडी बंद. दोन्हीकडं पिलेग आहे. निजामाच्या हद्दीत इकडचं माणूस घेत नाहीत आणि इंग्रजांच्या हद्दीत तिकडचं."

दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या भावानं, वीरप्पाअण्णानं, मला दवाखान्यात नेऊन पिलेगाचं टोचून आणलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही हद्दीवरच्या निजामाच्या नाक्यावर गेलो. तिथल्या कारकुनानं चिठ्ठी वाचायचा लई प्रयत्न केला, मग परत दिली.

"ये तो मराठी में है, बाई. उर्दू में लाव."

"उर्दूत कुठं मिळंल?" अण्णानं विचारलं.

"येडशी में."

"मग येडशीला जाऊ द्या."

"चिठ्ठी के बगैर कैसा जाने देऊं?" तो अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. वाईट माणसाच्या पाया पडता येतं, कागदाच्या कसं पडणार?

तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. मावशी म्हणाली, फडकं आवळून बांध, दोन दिवसांत आटंल. आटंल! बसू वाटीचं दूध तोंडात घेऊन थुंकतो, हे तिला कुठं ठाऊक होतं? त्याचे वडील लातूरला अडकलेले. एकट्या आत्यांच्या जिवावर होता तो तिकडं.

त्या दुपारी द्वारकाबाई मोळी टाकायला आली. रामलिंगाच्या रानातली वाटन् वाट तिच्या पायाखालची. म्हणाली, "तुमच्या येडशीत उंदीर मरून पडला. गाव सोडून समदी माळावर झोपड्यांत गेल्यात. तुझी सासू लेकरू घिऊन बसलेली म्या पाहिली. रडत हुतं."

"मला ने," मी म्हणाले.

"निजामाचे सवार फिरत्यात रानात. घावलो तर तुमाला बेड्या, आन् माझी कुऱ्हाड जप्त."

उभ्या जन्मात अण्णा दुकानाची गादी सोडून रानात गेला नव्हता. पण तोच म्हणाला, "तिला एकटीला कसं धाडू?"

पहाटे निघालो. धुकं इतकं दाट की पुढं चालणाऱ्या द्वारकाबाईची नुसती मोळीची दोरी दिसायची, खांद्यावर हलत. पळस आणि धावड्याचं रान ओलं, गप्प. पाय घसरला की दगड गडगडत खाली जायचा आणि तळाला पोचल्याचा आवाज फार उशिरा यायचा. ऊन वर आलं, धुकं विरलं, तेव्हा कळलं की आपण दरीच्या अगदी कडेनं चाललोय. न दिसलेलं बरं होतं.

"अप्पा, प्वाट आत घ्या," द्वारकाबाई मागं वळून अण्णाला म्हणाली. "तुमच्यापायी डोंगर वाकायलाय."

अण्णा हसायला गेला आणि त्याच्या पायाखालची कड सुटली!

तो गेला. पुरुषभर खाली एका झुडपात अडकला. झुडूप करकरलं. द्वारकाबाईनं दोरी धावड्याला टाकली, दुसरं टोक खाली सोडलं. आम्ही दोघींनी ओढलं. हात सोलले. तो वर आला, आणि तेवढ्यात खालच्या वाटेवर टापा वाजल्या.

सवार! आम्ही करवंदीच्या जाळीत शिरलो. काटे पाठीत घुसले. झाडावरची वानरं आम्हाला बघून खाकरायला लागली. घोडा थांबला. एक सवार वर बघत राहिला. मग त्याच्या सोबत्यानं म्हटलं, "बिबट्या होएंगा," आणि दोघांनी घोडे फिरवले.

"बगा अप्पा," द्वारकाबाई कुजबुजली, "सरकारदरबारी तुमाला बिबट्या म्हंत्यात."

दुपार कलली. रामलिंगाचा कळस डावीकडं ठेवून आम्ही शेवटची चढण धरली. तिथं ते रडणं ऐकू आलं.

बारीक, घोगरं, थकलेलं. मला वाटलं, बसूच. डोकं म्हणत होतं, बसू इथं कसा असेल? पण अंगाला डोकं नसतं. दोन्हीकडून पान्हा सुटला, चोळी भिजली. मी पळत सुटले.

कपारीत एक बाई पडली होती. अंग तापानं फणफणलेलं, काखेत लिंबाएवढी गाठ. कुशीत दोनतीन महिन्यांची पोर. बाई डोळे न उघडता बोलली, "इकडचे म्हंत्यात तिकडं जा. तिकडचे म्हंत्यात इकडं जा. चार दिस झालं. आता दूद न्हाय."

"शिवू नगं!" द्वारकाबाईनं माझा दंड धरला. "तुजं लेकरू वर हाय. हे इख घिऊन जाशील व्हय त्याच्याकडं?"

ती खरंच बोलत होती. बसू वर होता, एका चढणीवर. मी त्याच्यासाठी निघाले होते, दुसऱ्या कशासाठीही नाही. मी दोन पावलं मागं सरले. पोर रडायची थांबली. ते रडण्याहून वाईट होतं.

मी वाकले आणि तिला उचललं.

द्वारकाबाई शिव्या देत पुढं आली. पोरीचं फडकं काटकीनं ओढून तिनं जाळलं, "पिसवा असत्यात त्यात," म्हणाली, आणि स्वतःच्या डोईचं धुतलेलं धडपं दिलं. पोर प्यायली. किती प्यायली! मी रडत होते, कुणासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं.

अण्णानं पाण्याचा तांब्या बाईजवळ ठेवला आणि दगडावर बसला. "मी थांबतो हिच्यापाशी. पाणी तरी कुणी द्यावं का नको? तू पोरीला घेऊन जा."

दिवेलागणीला माळ दिसला. पोर माझ्या पदराखाली झोपली होती. झोपड्यांभोवती दोरी बांधून तिला कडुनिंबाचे डहाळे लावलेले. वीस हातांवर आत्या उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर बसू! त्यानं मला ओळखलं. दोन्ही हात पुढं केले.

"थांब, महादेवी," आत्या म्हणाल्या. "इथं येणाऱ्या सगळ्यांना विचारतो, तुलाही विचारते. गळ्यातल्या लिंगावर हात ठेव. तापकऱ्याला शिवलीस का?"

"न्हाय म्हण," द्वारकाबाई मागून पुटपुटली.

बसू झेपावत होता. मी लिंगावर हात ठेवला. तो हात नसता ठेवला तर कदाचित खोटं बोलले असते.

"शिवले, आत्या."

बाभळीखाली मला आणि त्या पोरीला वेगळी झोपडी मिळाली. दहा दिवस. जेवण दगडावर ठेवून आत्या लांब जायच्या. रोज सांजेला बसूला उचलून दाखवायच्या, ओरडून सांगायच्या, "कापसाच्या वातीनं शेळीचं दूध घेतो गं! थुंकतो, पण घेतो!" तो रोज हात पुढं करायचा. पाचव्या दिवशी केला नाही.

सातव्या दिवशी मला ताप भरला. काखेत हात गेला. गाठ! टणक, ठणकणारी गाठ. झोपडीच्या कुडाला टेकून मी बसून राहिले. आत्यांना हाक मारायचीही ताकद राहिली नाही. पोर भुकेनं कुरकुरली, तशी सवयीनं घेतली तिला. ती ओढत गेली, आणि गाठ हळूहळू मऊ होत गेली. दुधाची गाठ होती ती! मी एकटीच हसले, वेड्यासारखी. ताप दुसऱ्या दिवशी उतरला.

दहाव्या दिवशी दोरीबाहेर तिघं येऊन उभे राहिले. दाढी वाढलेला अण्णा, द्वारकाबाई, आणि काठीला धरून ती बाई. तिची गाठ फुटली होती आणि ती वाचली होती. मोळीवालीनं रोज भाकरी पोचवली होती.

"अप्पाला आता चूल पेटवता येती," द्वारकाबाई म्हणाली. "उपेग झाला वनवासाचा."

बाईनं पोर घेतली. माझ्या पायाकडं वाकली. मी तिला मधेच धरलं. ती तिघं उताराला लागली.

मी न्हाले, नवं लुगडं नेसले. आत्यांनी दोरी वर उचलली. बसूनं माझ्याकडं परक्यासारखं पाहिलं आणि त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. मी खाली मातीत बसले, पदर घेतला, वाट पाहिली. आत्यांनी त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं आधी वास घेतला. मग तोंड लावलं.

दूध आटलं नव्हतं.

खाली उतारावर ती पोर रडली. बसू पीत होता एका बाजूला. दुसऱ्या बाजूचा पान्हा आपोआप सुटला.