कड्यावरचं बी

उंच कड्याच्या कपारींत एक निळं फूल उमलत असे. त्याचं बी आणून बागेत रुजवायचं, या एका वेडापायी बागेचा वनस्पतितज्ज्ञ डोंगर चढायला निघाला. सोबत दोघंच: डॉक्टर असलेली थोरली बहीण, आणि झाडाच्या फांदीवर वावरावं तसा दोरावर वावरणारा वाटाड्या. त्याला सगळे माकडोबा म्हणत.

काटेरी रान तुडवत, शेवाळलेले ओढे ओलांडत तिघं माथ्यावर पोचली. माकडोबाने खडकाला दोर बांधून वनस्पतितज्ज्ञाला हळूहळू खाली सोडलं. वाळलेल्या बोंडांतलं बी त्याने लांब पट्ट्याच्या पिशवीत भरलं. स्वारी खूश!

वर येताना मात्र दोर फटीत रुतला. वर जाता येईना, खाली उतरता येईना! माकडोबा फटीशी झटू लागला आणि हा अधांतरी लोंबकळत राहिला.

आधी त्याला गंमत वाटली. मग पाय जड झाले. कपाळाला गार घाम फुटला. छाती धडधडू लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले!

कड्यावर पालथ्या पडलेल्या ताईने त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. लोंबत्या पायांत रक्त साचत होतं. रक्ताचा दाब उतरल्याची खबर मानेतल्या रक्तवाहिन्यांनी मेंदूला दिली होती, म्हणून हृदय जीव खाऊन पळत होतं. पण ही धडपड फार वेळ पुरणार नव्हती. हृदय एकाएकी मंदावलं, की शुद्ध हरपणार!

"पिशवीच्या पट्ट्याचं कडं करून दोराला बांध," ती ओरडली. "त्यात पाय रोवून दाबत राहा. पोटऱ्या रक्त वर ढकलतील."

"ताई, बी सांडेल."

"सांडू दे. मला तू हवायस."

त्याने पट्टा सोडवला. पिशवी उलटली! बी वाऱ्यावर भुर्र उडालं. त्याने गाठ मारली, पाय रोवला. दाबला. सोडला. पुन्हा दाबला! हळूहळू काजवे विझले, कड्याचा दगड पुन्हा स्पष्ट दिसू लागला.

अखेर दोर सुटला. दोघांनी त्याला वर ओढून घेतलं. तो लगेच उठू पाहत होता, पण ताईने खांदा धरून त्याला आडवंच ठेवलं.

"सगळं बी गेलं," तो पुटपुटला.

माकडोबाने खाली डोकावून पाहिलं. वाऱ्याने ते कपारीकपारीत नेऊन टाकलं होतं.

"गेलं कुठं? पेरून आलात की."

त्याला हसू आलं. ताईने मनगट धरलं होतं. तिच्या बोटांखाली नाडी आता संथ चालली होती.