शून्यरक्त

मिरजेच्या संसर्ग-संशोधन प्रयोगशाळेत प्राजक्ता शिंगाडे दोन अहवाल मांडीवर घेऊन बसली होती. आठवा महिना सरत आला होता.

"गावच्या दवाखान्यात साध्या पट्टीवर हिपॅटायटिस-बी निघाला, मॅडम. तुमचं यंत्र म्हणतंय, काहीच नाही. खरं कुठलं धरू? बाळाला काही झालं तर..."

डॉ. हेमांगी परचुरे तिच्या शेजारी बसल्या. यंत्र त्यांनीच घडवलं होतं, संसर्ग-कालदर्शी. शरीरसंबंधांतून पसरणारे रोग ते रक्ताच्या थेंबात ओळखायचं, आणि ते अंगात कधी शिरले हेही सांगायचं.

"पट्टी चुकते कधी कधी," त्या हळूच म्हणाल्या.

"यंत्रही चुकतं," मागून ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ डॉ. मुजावर म्हणाले. त्यांनी हेमांगींना आतल्या खोलीत नेलं. "मला अडाणी समजा आणि सांगा. रोगाचं वय कसं कळतं?"

"विषाणू स्वतःच्या नकला काढताना बारीक चुका करतो. त्या मोजल्या की वय कळतं."

"आणि निरोगी रक्त कसं असतं, हे यंत्राला कोण शिकवतं?"

"शून्यरक्त. एक निर्मळ नमुना. त्यात जे सापडेल ते नैसर्गिक समजून यंत्र सगळ्यांच्या रक्तातून वजा करतं. उरेल तो रोग."

"कुणाचं घेतलंत?"

"माझंच."

"तपासून?"

हेमांगींचे कान तापले. "माझं कशाला, सर? लग्न नाही, काही नाही. माझा एक सोमवार चुकत नाही. शिवाय लस घेतलीय."

"लस टोचण्याआधी तपासणी केली होती?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आधीच शिरलेल्या विषाणूवर लस चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"विषाणूला तुमचा सोमवार कळत नाही हो," मुजावर मायेनं म्हणाले आणि त्यांनी बाही वर सारली. "माझं घ्या. दरवर्षी तपासतो. बायको म्हणते, एवढं तपासायला तुम्ही करता तरी काय!"

त्यांचं रक्त आधी जुन्या पद्धतींनी तपासलं. ते स्वच्छ निघाल्यावर यंत्राला नवं शून्य दिलं. मग प्राजक्ताचा थेंब घातला. पडद्यावर लाल रेघ उमटली.

हेमांगी बाहेर आल्या. "संसर्ग आहे, प्राजक्ता. पट्टी खरी होती. चूक आमची. कधीपासूनचा, तेही यंत्र सांगतं..."

"ते नको आत्ता. हे बाहेर बसलेत." प्राजक्तानं त्यांचा हात घट्ट धरला. "बाळाचं सांगा."

"जन्मल्या जन्मल्या लस आणि रोगाशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. वेळेत मिळालं की बाळ बहुतेक सुखरूप राहतं. तुलाही औषध आहे. तुझ्या नवऱ्याचीही तपासणी करू, पण तुला कुणी बोल लावायचं कारण नाही."

प्राजक्ताला रडू फुटलं. जरा वेळानं ती म्हणाली, "बरं झालं, परत विचारायला आले."

ती गेल्यावर हेमांगींनी स्वतःचा थेंब यंत्रात सोडला. तीच लाल रेघ. खाली रोगाचं वय होतं, छत्तीस वर्षं.

"माझं वय हे," त्या पुटपुटल्या.

"म्हणजे जन्मताना, आईकडून," मुजावर म्हणाले. "आणि तो तुमच्या रक्तात होता म्हणून यंत्र सगळ्यांच्याच रक्तातून वजा करत राहिलं."

"म्हणजे ज्यांना ज्यांना निर्मळ म्हणून घरी धाडलं..."

"सगळ्यांना परत बोलवू. मी लागतो फोनला. तुम्ही आधी घरी बोला."

सांगलीत आईची पोथी नुकतीच संपली होती. हेमांगींनी फोनवर सगळं नीट समजावलं.

"मला? कसली तपासणी? अगं, देवाधर्मातली बाई मी!"

"मीही असंच म्हटलं, आई. तुलाही कुणाकडून तरी नकळत आला असेल. कदाचित तुझ्या जन्मापासून असेल. यात पाप नाही गं."

पलीकडून पोथी गुंडाळल्याची सळसळ ऐकू आली. हेमांगी मनात नामस्मरण करत राहिल्या.

"हेमे," आई एकदम म्हणाली, "मग आपला दिनू? तोही माझ्याच पोटचा ना? पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं."

धाकट्या भावाचा विचार हेमांगींच्या मनातच आला नव्हता.

"त्याला घेऊन निघते," आई म्हणाली. "तू त्याच्या नवरीच्या घरी फोन कर. लाजू नकोस. तिला तपासून लस द्या म्हणावं, आमचं काहीही निघो."