लहान घड्याळाची पेटी

साल एकोणीसशे एकाहत्तर. मी वीस वर्षांची होते आणि बाबांच्या सुतारकामाच्या दुकानात मला फक्त भुसा झाडायची परवानगी होती.

त्या दुपारी एक तरुण भिंतीवरचं घड्याळ तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून दारात उभा राहिला. कोपऱ्यावरच्या घड्याळजींचा मुलगा. घड्याळाला पेटी हवी होती.

"मी करीन," मी म्हटलं. हातात झाडू!

तो हसला. बाबा हसले नाहीत. "खिळा नाही, सरस नाही. नुसत्या दात्यांवर पेटी उभी राहिली आणि घड्याळ आत मावलं, तर माझ्याशेजारी तुझं टेबल. नाहीतर झाडू आहेच."

फळ्यांच्या टोकांना दाते कापून ते एकमेकांत बसवायचे, बोटांत बोटं गुंफावीत तसे. मी करवत रेघेच्या चुकीच्या बाजूने चालवली. सांधा खुळखुळला.

"थोडा भुसा भरा की," तो कुजबुजला. कामाची चौकशी करायला म्हणून रोज यायचा! "कोणाला कळणार?"

"मला."

"बापरे! करवतीपेक्षा जीभच धारदार."

"मग लांब उभे राहा."

राहिला नाही... फळी धरून बसला.

मी टोकं कापून टाकली, नव्याने रेघा आखल्या, जे काढायचं त्यावर फुली मारली. पुन्हा चुकले. पुन्हा कापली. शेवटी पटाशीने दाते साफ केले, हलकेच ठोकलं – आणि फळ्या अशा बसल्या की मध्ये केस जाईना!

पण कापून कापून पेटी आखूड झाली होती. घड्याळ मावेना. माझे डोळे भरून आले.

तो घड्याळ उचलून गेला. परतला तो दुसरं, लहान घड्याळ घेऊन. ते चपखल बसलं.

"माप चुकलं होतं," तो बाबांना म्हणाला, "घड्याळाचं."

"नाही बाबा, माझंच."

"दिसतंय मला." बाबांनी घड्याळ बाहेर काढलं, पेटी एका फळीला धरून उचलली, गदागदा हलवली. हूं नाही की चूं नाही. "टेबल खिडकीपाशी लाव, पोरी. उजेड लागेल." मग त्याच्याकडे वळून, "आणि तुझं मोठं घड्याळ?"

"त्यासाठी पुन्हा येईन... जन्मभर येईन – यांची हरकत नसेल तर."

"उशीर चालणार नाही," मी म्हटलं. "घड्याळजी आहात."

पुढे बाबांनी दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली माझं नाव कोरलं आणि शेवटपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकाला त्या पेटीचे कोपरे दाखवले. मोठ्या घड्याळाची पेटी मी लग्नानंतर केली, पहिल्या झटक्यात. आमचे घड्याळजी गेल्या वर्षी गेले. लहान घड्याळाला चावी आता मी देते.

त्याच्या पेटीला अजून सरसाचा थेंब लागलेला नाही.